नवरा गेला, बायको अकरा वर्षं बिनगोळ्यांची ठणठणीत: नाशिकमधली एक केस

सुरुवातीलाच सांगते, नाव बदललंय, गावाचा नेमका पत्ता बदललाय, आकडे पण थोडे इकडेतिकडे केलेत म्हणजे कुणाला ओळख पटू नये, पण आकड्यांचा चढउतार जसा झाला तसाच ठेवलाय. ज्या बाईंची ही केस आहे त्यांना सगळं वाचून दाखवलं, त्या हो म्हणाल्या मगच हे टाकतेय. एचआयव्हीचा कायदा २०१७ ला झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीशिवाय कुणाचं स्टेटस बाहेर सांगता येत नाही, पण कायदा नसता तरी विचारलंच असतं. मी नाशिकमध्ये एचआयव्हीच्या समुपदेशनाचं काम करते, डॉक्टर नाही. औषधाचे निर्णय डॉक्टरांचे, माझ्या वाट्याला बोलणं, समजावणं आणि घरच्यांना तोंड देणं.

पार्श्वभूमी

सुमनताई म्हणू. सासर निफाड तालुक्यात, माहेर दिंडोरीकडे. २००८ ला वय २६, पदरात चार वर्षांची मुलगी. नवऱ्याचं वेल्डिंगचं छोटं दुकान होतं. त्या उन्हाळ्यात त्याला ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, गावातच टायफॉइड म्हणून सलाईन लावत राहिले, वजन उतरत गेलं, आणि नाशिकला आणला तोवर टीबी मेंदूपर्यंत पोचला होता. तपासणीत एचआयव्ही निघाला, सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, फक्त ३८. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या पण एआरटीपर्यंत, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांपर्यंत, गाडी पोचलीच नाही, तीन आठवड्यांत माणूस गेला.

त्याच दिवसांत सुमनताईंची आणि मुलीची टेस्ट केली. मुलगी निगेटिव्ह, सुमनताई पॉझिटिव्ह. सीडीफोर ७६४. म्हणजे ज्याला आमच्याकडे सगळे नुसतं "पेशी" म्हणतात त्या पेशी एखाद्या एचआयव्ही नसलेल्या माणसाला असाव्यात तेवढ्या. वजन ठीक, खोकला नाही, ताप नाही, काहीच नाही.

आता इथे सासरच्यांनी जो हिशोब मांडला तो नीट लिहिते कारण असा हिशोब मी पुढेही खूप घरांत ऐकलाय. तो हाडांचा सापळा होऊन गेला आणि ही धडधाकट, म्हणजे हिच्या अंगात आधीपासून मुरलेलं होतं, हिनेच त्याला दिलं. दीर तर माझ्यासमोर म्हणाले, "मॅडम, पेशी बघा ना तुम्हीच, कोणाला जास्त मुरलंय ते कागदावरच दिसतंय." तेराव्यानंतर महिन्याभरात सुमनताई मुलीला घेऊन माहेरी आल्या. नवऱ्याच्या वाट्याची दीड एकर बाग होती, तिच्यावर नाव लावायला सासरच्यांनी नकार दिला, तो वाद तेव्हापासून सुरू.

उपचाराचं म्हणाल तर २००८ मध्ये सुमनताईंना गोळ्या मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली तेव्हा २०० च्या खाली पेशी आलेल्यांना आधी, कारण औषध कमी आणि माणसं भरमसाट. पुढे कटऑफ ३५० झाला, मग ५०० झाला. सुमनताई प्रत्येक वेळी त्या रेषेच्या वरच. २०१२ ला ८०२, २०१५ ला ७११. दर सहा महिन्यांनी एसटीने यायच्या, तपासण्यांच्या नोंदीचं हिरवं बुक काढून द्यायच्या, रक्त द्यायच्या, आणि नर्सपासून बाकड्यावर बसलेल्या बाकीच्या पेशंटपर्यंत सगळे म्हणायचे, सुमनताईंचं काय बाबा, त्यांच्या पेशी हलतच नाहीत. त्या पण खुश व्हायच्या. द्राक्षाच्या बागेत रोजाने जायच्या, थिनिंगच्या दिवसांत सकाळी सात ते संध्याकाळपर्यंत हात वर करून घड विरळायचे, ते पण चालायचं.

अडचण नेमकी काय होती

२०१७ मध्ये धोरण बदललं. पेशी कितीही असोत, एचआयव्ही आहे म्हटल्यावर गोळ्या सुरू करायच्या, टेस्ट अँड ट्रीट. आमच्या यादीत जे जुने प्री-एआरटीवाले, म्हणजे गोळ्या अजून सुरू न झालेले, होते त्यांना एकेक करून बोलवायला लागलो. सुमनताईंनी सरळ नाही म्हटलं. "नऊ वर्षं झाली, मला काय झालं? गोळी घेतली की चक्कर येते म्हणतात, रोज बुडला तर पोरीची फी कोण भरणार?" त्यांच्या जागी बसून बघितलं तर यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, कारण नऊ वर्षं आम्हीच त्यांना सांगत होतो की तुम्हाला गरज नाही.

त्यात २०१८ ला एक वेगळंच वळण आलं. त्यांच्या भावाला बऱ्याच वर्षांपासून कंबर धरायची, सकाळी उठल्यावर तासभर सरळ उभं राहता यायचं नाही, एक डोळा मधूनमधून लाल व्हायचा. नाशिकमधल्या संधिवाताच्या डॉक्टरांनी एचएलए-बी२७ ही जनुकाची टेस्ट सांगितली, ती पॉझिटिव्ह आली, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, निघाला. भाचा बारावी सायन्सचा, हुशार पोरगा, त्याने मोबाइलवर शोधाशोध केली आणि त्याला दिसलं की बी२७ असलेल्या लोकांत एचआयव्ही हळू सरकतो. पुढच्या व्हिजिटला सुमनताई त्याला घेऊनच आल्या. कॅरीबॅगेतून भावाचा रिपोर्ट काढला, चार घड्या पडलेला, त्यावर बी२७ च्या ओळीभोवती पोराने निळ्या पेनाने गोल केलेला. "आमच्या घरातच आहे ना हे मॅडम. मग कशाला गोळ्या?"

म्हणजे एकाच गोष्टीतून दोन उलटे निष्कर्ष निघाले होते. ही ठणठणीत आहे म्हणून दोषी, असं सासर म्हणत होतं. आणि मी ठणठणीत आहे म्हणून मला औषध नको, असं त्या स्वतः म्हणत होत्या. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न तोच, की एकाच्या अंगात हा व्हायरस झपाट्याने का वाढतो आणि दुसऱ्याच्या अंगात वर्षानुवर्षं दबून का राहतो. ते कळल्याशिवाय दोघांनाही उत्तर देता येत नव्हतं. मग आमच्या डॉक्टरांसोबत बसून मी हे नीट समजून घेतलं.

वारसा आणि एचआयव्ही, थोडं खोलात

औषध न घेता एचआयव्हीपासून एड्सपर्यंत जायला सरासरी आठ-दहा वर्षं लागतात, पण ही सरासरी फसवी आहे. काही लोक दोन-तीन वर्षांतच खाली येतात, काही पंधरा-वीस वर्षं तसेच राहतात, आणि अगदी थोडे, शंभरात एकाहून कमी, असे असतात की औषधाशिवाय त्यांच्या रक्तात व्हायरस साध्या टेस्टला दिसतच नाही. त्यांना एलिट कंट्रोलर म्हणतात. हा फरक का पडतो याला कारणं बरीच आहेत, व्हायरस किती जोरकस आहे, लागण झाली तेव्हा वय काय होतं, टीबीसारखा दुसरा आजार सोबत आहे का, आणि आईवडिलांकडून आलेल्या जनुकांची ठेवण.

या ठेवणीत सगळ्यात वजनदार भाग एचएलए. लासलगावला किंवा पिंपळगावला कांद्याचा लिलाव बघितलाय ना, ट्रॉलीभर माल असतो पण व्यापारी वरचे मूठभर कांदे हातात घेऊन बघतो आणि बोली लावतो. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी पण आत काय तयार होतंय त्याचे छोटे तुकडे बाहेरच्या बाजूला धरून दाखवत असते, आणि सीडीएट नावाच्या मारक पेशी तो नमुना बघून ठरवतात की ही आपली की व्हायरसने बळकावलेली. तो नमुना धरणारा हात म्हणजे एचएलए. आणि हा हात प्रत्येकाचा वेगळ्या घडणीचा, त्यामुळे कोणाच्या हातात व्हायरसचा कोणता तुकडा बसेल हे ठरलेलं असतं. बी२७ आणि बी५७ या प्रकारांच्या हातात व्हायरसच्या आतल्या कवचाचे, गॅग प्रोटीनचे असे तुकडे बसतात जे व्हायरसला सहज बदलता येत नाहीत. बदलले तर तो स्वतःच लंगडा पडतो, नीट वाढत नाही. म्हणून अशा लोकांत तो बराच काळ दबून राहू शकतो. उलट बी३५ चे काही प्रकार असलेल्यांत आजार लवकर वाढतो असं दिसलंय, आणि ज्यांना आईकडून आणि वडिलांकडून एचएलए सारखेच आलेत त्यांच्यात पण, कारण दाखवायला वेगवेगळे नमुनेच कमी.

२०१० मध्ये याच्यावर एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, हजाराच्या आसपास कंट्रोलर, म्हणजे औषधाशिवाय व्हायरस दाबून ठेवणारे, आणि त्यांच्या दुपटीहून जास्त, ज्यांचा आजार नेहमीसारखा वाढला असे लोक, सगळ्यांचा जीनोम, म्हणजे जनुकांचा अख्खा संच, चाळला. फरक दाखवणाऱ्या ३०० च्या वर जागा सापडल्या आणि सगळ्याच्या सगळ्या सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलएच्या पट्ट्यात होत्या. त्यातही एचएलए-बी च्या त्या पकडीतले मोजके अमिनो आम्ल, म्हणजे हाताची बोटंच म्हणा. मला हे फार मोठं वाटतं, की अख्खा जीनोम धुंडाळला आणि बोट बरोबर तिथेच गेलं.

भाच्याला सीसीआर५ पण माहीत होतं. व्हायरसला पेशीत शिरायला सीडीफोरसोबत बहुतेक वेळा सीसीआर५ नावाचा दुसरा कडीकोयंडा लागतो. काही लोकांच्या त्या जनुकात ३२ अक्षरं गळालेली असतात, डेल्टा३२, हे १९९६ ला कळलं. दोन्ही बाजूंनी तसं जनुक आलं तर नेहमीच्या प्रकारचा एचआयव्ही आत शिरूच शकत नाही, एका बाजूने आलं तर लागण होते पण आजार थोडा हळू जातो. टिमोथी रे ब्राउन, ज्यांना बर्लिन पेशंट म्हणायचे, त्यांना रक्ताच्या कॅन्सरसाठी २००७ मध्ये अशाच दात्याच्या मूळपेशी दिल्या आणि एचआयव्ही पुन्हा आलाच नाही. ते गेले २०२० मध्ये, पण कॅन्सर उलटल्याने. पण डेल्टा३२ मुख्यतः उत्तर युरोपातल्या वंशाच्या लोकांत सापडतं, तिथेही दोन्ही बाजूंनी असलेले शंभरात एखादेच. आपल्याकडे ते अगदी दुर्मिळ, म्हणून आमच्या केसमध्ये त्याचा विचार करायचं कारण नव्हतं.

आता सगळ्यात कामाचं. हे सगळं मिळून सुद्धा, माणसामाणसातल्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या व्हायरसच्या प्रमाणाच्या, फरकापैकी साधारण चौथा हिस्साच जनुकांवरून सांगता येतो. बी२७ असूनही झपाट्याने खाली आलेले लोक आहेत आणि बी२७, बी५७ दोन्ही नसताना टिकलेले पण आहेत. पारडं झुकतं, निकाल लागत नाही.

पर्याय काय काय होते

टीमची बैठक झाली, त्यात जे जे निघालं ते सांगते.

पहिलं, सुमनताईंची स्वतःची एचएलए टेस्ट करायची. भावाला बी२७ आहे म्हणून बहिणीला असेलच असं नाही, आईवडिलांपैकी एकाकडून तो भावाला आला, बहिणीला त्याच पालकाची तीच प्रत मिळाली असेल याची शक्यता निम्मी. भाच्याला हे वहीत काढून दाखवलं, त्याला लगेच कळलं, मेंडेल नुकताच झाला होता. टेस्ट खासगी लॅबमध्ये स्वतःच्या खर्चाने करावी लागणार होती. डॉक्टरांनी एकच विचारलं, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आपण काय वेगळं करणार, आणि निगेटिव्ह आला तर काय? दोन्हीकडे उत्तर तेच होतं, गोळ्या सुरू करायच्या. उलट पॉझिटिव्ह आला असता तर नकाराला छापील कागद मिळाला असता. टेस्ट नको असं ठरलं आणि मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

जनुकांची टेस्ट कधी करावी याचं एक चांगलं उदाहरण एचआयव्हीतच आहे. अबॅकाविर नावाचं औषध आहे, ते एचएलए-बी५७:०१ असलेल्या माणसाला दिलं तर जिवावर बेतेल अशी रिअॅक्शन येऊ शकते. २००८ ला एका मोठ्या ट्रायलमध्ये सिद्ध झालं की आधी टेस्ट करून अशा लोकांना वगळलं तर ती रिअॅक्शन टाळता येते. तिथे रिपोर्टवरून गोळी बदलते, म्हणून तिथे टेस्टला अर्थ आहे.

दुसरा पर्याय, एचएलए सोडा, व्हायरल लोड करा. सरकारी सोय तेव्हा गोळ्या चालू असलेल्यांसाठी होती, सुमनताई त्यात बसत नव्हत्या. पण पैसे घालायचेच तर इथे घालावेत असं डॉक्टरांचं म्हणणं, कारण पेशी म्हणजे झालेलं नुकसान आणि व्हायरल लोड म्हणजे चालू असलेली आग.

तिसरा, धाक घालून सुरू करायला लावायचं. बैठकीत एकाने सुचवलं की सांगा त्यांना, गोळ्या नाही घेतल्या तर सहा महिन्यांत मरशील. मी ठाम नाही म्हटलं. पहिली गोष्ट ते खोटं होतं, दुसरी म्हणजे सहा महिन्यांनी त्या ठणठणीत आल्या असत्या की आमचा शब्द कायमचा गेला असता.

चौथा, त्यांना नाही म्हणू द्यायचं, पण सोडायचं नाही. कारण विचारपूर्वक नाही म्हणायचा हक्क पेशंटला आहे, आणि दार उघडं राहिलं तर माणूस परत येतो.

आम्ही दुसरा आणि चौथा एकत्र केला.

काय केलं

व्हायरल लोडचे पैसे भावाने भरले. आकडा आला ६४०. म्हणजे कमी होता, औषधाशिवाय इतका कमी क्वचितच दिसतो, पण शून्य नव्हता. त्या एलिट कंट्रोलर नव्हत्या, २००० च्या आत असलेल्यांना नुसतं कंट्रोलर म्हणतात त्यात बसत होत्या. त्या दिवशी जे बोलणं झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ताई, तुमच्या शरीराने खरंच मोठी लढाई दिलीये, त्यात काही खोटं नाही. पण ६४० चा अर्थ लढाई अजून चालू आहे, रोज. त्या म्हणाल्या, मग जिंकतेय ना. म्हटलं, हो, जिंकताय, पण रोज लढून शरीर दमतं, त्याची सूज आतल्या आत राहते, हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर त्याचा भार येऊ शकतो. शिवाय व्हायरस बदलत राहतो. बी२७ वाल्यांतसुद्धा वर्षानुवर्षं दबलेला व्हायरस एखाद दिवशी असा बदल करतो की त्या हाताच्या पकडीतून सुटतो, आणि सोबत दुसरा बदल करून लंगडेपणही भरून काढतो. मग लोड चढतो आणि ते आधी अंगावर काही दिसत नाही.

डॉक्टरांनी २०१५ च्या स्टार्ट ट्रायलचं सांगितलं. पेशी ५०० च्या वर असलेले ४,६८५ लोक, निम्म्यांना लगेच गोळ्या, निम्म्यांना पेशी ३५० पर्यंत उतरल्यावर. लगेच सुरू केलेल्यांत गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्क्यांनी कमी. ज्यांना "अजून गरज नाही" असं वाटत होतं त्याच लोकांवर केलेला हा अभ्यास.

सुमनताईंनी ऐकून घेतलं आणि तरी नाही म्हटलं. मग आम्ही लेखी तीन गोष्टी ठरवल्या आणि हिरव्या बुकातच लिहून दिल्या: व्हायरल लोड २००० च्या वर गेला, किंवा पेशी ५०० च्या खाली आल्या, किंवा कुठलंही मोठं इन्फेक्शन झालं, तर गोळ्या सुरू करायच्या. खाली त्यांनी सही केली. छाटणीच्या आणि थिनिंगच्या दिवसांत येणं जमत नाही म्हणून तारखा बागेच्या कामाप्रमाणे धरल्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी टाळून. टीबीची चौकशी मात्र प्रत्येक भेटीत, चार प्रश्न, खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम, कारण नवरा टीबीनेच गेला होता.

सासरच्या बाजूचं पण केलं. सुमनताईंच्या लेखी परवानगीने दिराला बोलवलं. त्यांच्यासमोर एवढंच मांडलं की पेशींच्या आकड्यावरून कोणाला आधी लागण झाली हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. दोघांच्या अंगात एकच व्हायरस आहे असं धरलं तरी तो कोणाच्या शरीरात किती वेगाने वाढेल हे त्या शरीराच्या वारशावर पण अवलंबून असतं. तुमच्या भावाला कदाचित दोनच वर्षांपूर्वी लागण झाली असेल आणि झपाट्याने खाली आला असेल, कदाचित बारा वर्षांपूर्वी झाली असेल. आपल्याला माहीत नाही आणि आता कळणार पण नाही. दीर ऐकत होते, मधे एकदा म्हणाले, "मग आमचा भाऊ कमजोर होता का?" मी म्हटलं कमजोर नाही दादा, वेगळ्या घडणीचा होता, त्यात त्याचाही दोष नाही. पटलं की नाही कळलं नाही, पण "तिनेच दिलं" हे वाक्य त्या दिवसानंतर माझ्यासमोर त्यांनी उच्चारलं नाही.

पुढे काय झालं

२०१९ च्या सुरुवातीला पेशी ५९०. उतरत होत्या पण रेषेच्या वर. मग नोव्हेंबरमध्ये, अवकाळीने बागा झोडपल्या ते दिवस, सुमनताईंना डाव्या बरगडीवर नागीण उठली. गावात समज असा की नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस संपतो, म्हणून घरच्यांनी आधी कुणाकडून तरी लेप लावून आणला, आमच्याकडे आल्या तेव्हा सहावा दिवस होता, फोड सुकायला लागलेले, आग मात्र जात नव्हती. तिशीतल्या बाईला नागीण म्हटलं की आम्ही सावध होतोच. रक्त केलं, पेशी ४३८, व्हायरल लोड १४,२००. तीनपैकी तिन्ही अटी एकदम.

मी काही बोलायच्या आधी त्यांनीच बुक उघडून ते पान पुढे केलं. बी२७ चा विषय निघाला नाही.

जानेवारी २०२० ला गोळ्या सुरू झाल्या, तेव्हाची रोज रात्रीची एक गोळी, टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि एफाविरेंझ. पहिले तीन आठवडे वाईट गेले, रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं, सकाळी डोकं जड. गंमत म्हणजे इथेही वारसा आडवा येतो. एफाविरेंझ शरीराबाहेर काढणारं सीवायपी२बी६ नावाचं एक एंझाइम आहे, काही लोकांत ते जन्मतःच मंद असतं, मग तीच गोळी त्यांच्या रक्तात जास्त साठते आणि स्वप्नं, चक्कर जास्त त्रास देतात. सुमनताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "सगळंच वरून लिहून आलंय होय." पण गोळी सोडली नाही. झोपायच्या अगदी आधी आणि तेलकट जेवणानंतर लगेच नाही, एवढ्या बदलावर निभावलं.

मार्चमध्ये लॉकडाउन लागला, एसटी बंद, द्राक्षं बागेतच सडली, रोज गेला. गोळ्या आमच्या कार्यकर्त्यांनी दिंडोरीपर्यंत पोचवल्या, एकदम जास्त महिन्यांच्या. एकही दिवस चुकला नाही असं बुक सांगतं. पुढच्या व्हायरल लोडला "टार्गेट नॉट डिटेक्टेड" आलं, म्हणजे टेस्टला व्हायरस दिसलाच नाही. २०२१ मध्ये एफाविरेंझ जाऊन डोल्यूटेग्राविरवाली गोळी आली, स्वप्नं थांबली. पेशी हळूहळू ६०० च्या घरात परतल्या. बरगडीवरची आग पुढे बरेच महिने टिकली, थंडीत अजून टोचते.

भाच्याला सकाळी पाठ धरते का हे मी मुद्दाम विचारलं, तो हो म्हणाला, त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बी२७ असलेल्या बहुतेकांना मणक्याचा त्रास होत नाही, पण वडिलांना आहे आणि पोराची पाठ धरतेय म्हटल्यावर थांबायचं कशाला. बागेच्या नावाचा दावा निफाडच्या कोर्टात अजून चालू आहे.

काय वेगळं करता आलं असतं

लेखी अटी घालून थांबायचा निर्णय बरोबर होता का, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. एक डॉक्टर म्हणतात २०१८ लाच अजून जोर लावला असता तर नागीण टळली असती. असेलही. माझं मत, त्या दिवशी जोर लावला असता तर त्या यायच्या बंद झाल्या असत्या आणि नागीण उठल्यावर आमच्याकडे आल्याच नसत्या. एक मात्र नक्की, दोन तपासण्यांमधलं अंतर जास्त होतं. व्हायरल लोड ६४० वरून १४,२०० वर कधी गेला ते कळलंच नाही, कारण मधे मोजलाच नव्हता. औषध न घेणारा कंट्रोलर असेल तर वर्षातून दोनदा तरी लोड बघायला हवा, आणि त्याचा खर्च भावाच्या खिशातून यायला नको होता.

दुसरं, २००८ ते २०१७ "तुम्हाला गरज नाही" हे वाक्य सगळ्या यंत्रणेतून पेशंटच्या कानावर पडलं. त्याऐवजी "आज नियमात बसत नाही" असं म्हटलं गेलं असतं तर नियम बदलला तेव्हा पटवणं सोपं गेलं असतं. गरज नाही आणि नियमात नाही यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरं मला सगळ्यात जास्त लागतं. सासरच्यांशी जे बोलणं २०१८ मध्ये झालं ते २००८ मध्ये, दोघांचे रिपोर्ट एकाच टेबलावर होते त्या आठवड्यात व्हायला हवं होतं. एकाला ३८ आणि दुसऱ्याला ७६४ असे दोन कागद शेजारी पडले की घरचे तिथल्या तिथे निकाल लावतात, आणि बाईच्या विरोधात लावतात. आता आमच्याकडे नवराबायको दोघं पॉझिटिव्ह आले आणि आकड्यांत मोठा फरक असला, तर ज्यांना त्यांच्या संमतीने माहिती दिली जाते त्या प्रत्येक नातेवाइकाला त्याच बैठकीत सांगतो की या आकड्यांवरून कोणी कोणाला दिलं ते कळत नाही, आणि हे वाक्य समुपदेशनाच्या नोंदीत लिहून त्यांची सही घेतो. सुमनताईंच्या वकिलांनी अशा नोंदीची प्रत मागितली होती, पण आमच्याकडे होती ती २०१८ ची. २००८ ची असती तर दाव्यात ती जास्त कामाला आली असती असं ते म्हणाले.